न गंजलेला वस्तरा

पेठला माझे एक शिक्षक स्नेही राहतात. त्यांचे आजोबा आणि पणजोबा पेठ गावात व आसपासच्या पाड्यांवर हजामतीचे काम करीत. मागच्या पावसाळ्यापूर्वी घराची कौले शाकारताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची धोकटी सापडली. चामडे कडक होऊन तडकले होते. पण आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन वस्तरे होते, शिवाय एक नराणी, एक चिमटा आणि धार लावायचा झिजलेला दगड. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी वस्तऱ्यांची छायाचित्रे काढली, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री चालणाऱ्या संकेतस्थळांवर तशाच वस्तऱ्यांच्या किमती पाहिल्या आणि मला फोन केला. "काका, हे तिन्ही स्टेनलेस आहेत ना? दोघांवर तर गंजाचा ठिपकाही नाही. 'अँटिक स्टेनलेस, शंभर वर्षांपूर्वीचा' असे लिहिले तर चालेल?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना मात्र मला मुंबई बंदरापासून लंडन-शेफील्डपर्यंत जाऊन पुन्हा पेठच्या पावसात यावे लागले. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले थोडे लांबलेले उत्तर आहे.

सुरुवात शब्दापासून करायला हवी, कारण निम्मा घोटाळा शब्दाचाच आहे. मराठीत आपण 'स्टील' म्हणतो तेव्हा आपल्याला न गंजणारे पोलाद अभिप्रेत असते. स्टीलचा डबा, स्टीलची ताटे, स्टीलची भांडी. पितळेची आणि तांब्याची कल्हईची भांडी मागे सारून ही चकचकीत भांडी घरोघर आली आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही स्वयंपाकघरात स्थिरावला. इंग्रजीत मात्र स्टील म्हणजे नुसते पोलाद, जे पाण्याने गंजते आणि लिंबाने काळे पडते. आता एखाद्या जुन्या विलायती वस्तऱ्यावर 'कास्ट स्टील' अशी अक्षरे असली, की आपला विक्रेता त्यातले 'स्टील' वाचतो, मनात त्याचा अर्थ 'डब्याचे स्टील' असा लावतो आणि जाहिरातीत 'स्टेनलेस' लिहून मोकळा होतो. त्याचा हेतू फसवणुकीचा असतोच असे नाही. तो मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत असतो, इतकेच. वास्तविक 'कास्ट स्टील' हे शब्द नेमके उलट सांगतात. बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्या पोलादाचे हे नाव. ते उत्तम धार घेते आणि उत्तम गंजतेही.

न गंजणाऱ्या पोलादाची जन्मतारीख बरीच नेमकी सांगता येते. हॅरी ब्रेअर्ली हा शेफील्डच्या एका प्रयोगशाळेत बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंवर काम करीत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी तो आम्लाने खरवडावा लागतो. हा नमुना आम्लाला दाद देईना. सुऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने, अर्नेस्ट स्टुअर्टने, हे पोलाद व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिले आणि त्याला 'स्टेनलेस' हे नाव सुचवले. ब्रेअर्ली आधी 'न गंजणारे' म्हणत होता. स्टुअर्टने 'न डागाळणारे' म्हटले, आणि तेच टिकले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियम व निकेल यांचे निराळे न गंजणारे पोलाद तयार झाले होते. आपल्या भांड्यांचे पोलाद त्या कुळातले. मग महायुद्ध आले आणि नवे पोलाद विमानांच्या इंजिनांकडे वळले. सुऱ्या-वस्तऱ्यांकडे ते मुबलक वळायला युद्ध संपावे लागले.

यातून जुन्या वस्तूंच्या खरेदीदाराला पहिला आणि सर्वांत भक्कम नियम मिळतो. १९१३ पूर्वीचा कोणताही वस्तरा स्टेनलेस असू शकत नाही, आणि १९२० पूर्वीचा असणे जवळजवळ अशक्य. 'व्हिक्टोरियन काळातील स्टेनलेस वस्तरा' असे कोणी लिहिले असेल, तर दोहोंपैकी एक विधान चूक आहे.

पण ब्रेअर्लीच्या मागे जाणारी एक वाट आहे, आणि ती आपल्या दारावरून जाते. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदुस्थानी पोलादाचे गोळे पाठवले. हे ते प्रसिद्ध 'वूट्झ'. कानडी-तेलुगू 'उक्कू' या शब्दाचे हे इंग्रजांच्या हातून झालेले रूप, असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले. मुंबईत ते तयार होत नव्हते. ते दक्षिणेतल्या भट्ट्यांमधून येई, मुंबई हे फक्त बंदर होते. म्हणजे पोलादाच्या वस्तूवर चुकीची चिठ्ठी चिकटवण्याचा प्रकार संकेतस्थळांच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि तो विद्वानांकडूनही घडलेला आहे.

लंडनला जेम्स स्टोडार्ट नावाचा एक हत्यारे बनवणारा कारागीर होता. त्याने या वूट्झपासून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे घडवले, आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण हे हिंदुस्थानी पोलाद पसंत करतो असे आपल्या दुकानाच्या कार्डावर छापले. याच स्टोडार्टच्या सोबतीने तरुण मायकेल फॅरडे वूट्झचे रहस्य शोधू लागला. विजेच्या शोधांनी फॅरडेचे नाव झाले ते नंतर. १८१९ ते १८२२ या काळात तो पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहत होता. त्याच्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट म्हणून गेले. पुढे शेफील्डच्या कारखानदारांनी 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे वस्तऱ्यांवर सर्रास उठवली. त्यात चांदी असेलच याची हमी नव्हती. स्टोडार्ट-फॅरडे यांचा १८२०चा निबंध वाचून फ्रान्समध्ये प्येर बेर्तिए याने १८२१ साली लोखंडात क्रोमियम मिसळून पाहिले, ते आम्लाला टिकते असे नोंदवले आणि सुऱ्यांसाठी ते उपयोगी पडेल असे सुचवले. त्याचे मिश्रण ठिसूळ होते. ते वापरात यायला आणखी ९२ वर्षे गेली. मुंबईहून गेलेल्या गोळ्यांतून थेट स्टेनलेस पोलाद निघाले, असा दावा मी करणार नाही. परंतु ज्या कुतूहलाच्या साखळीचे शेवटचे टोक ब्रेअर्लीच्या हातात आले, तिची एक आधीची कडी वूट्झची आहे, आणि त्या कडीवर वस्तराच होता, एवढे निश्चित म्हणता येते.

आता छायाचित्रांकडे वळू. दुरून वस्तू घेणाऱ्याला पाहायला मिळतात ती छायाचित्रेच, म्हणून ती वाचता आली पाहिजेत.

वस्तऱ्याचा मजकूर पात्याच्या बुडाशी असतो, धार संपून शेपटी सुरू होते त्या जाड भागावर. स्टेनलेस पोलाद महाग आणि नवे असल्यामुळे ते वापरणारा कारखानदार तसे लिहिल्यावाचून सहसा राहत नसे. इंग्रजी वस्तऱ्यावर 'स्टेनलेस' असेल, जर्मन वस्तऱ्यावर 'रोस्टफ्राय', फ्रेंच वस्तऱ्यावर 'इनॉक्स' किंवा त्याचे लांब रूप 'इनॉक्सिडाब्ल'. झोलिंगेनच्या हेंकेल्स कारखान्याचे 'फ्रिओदूर' हे चिन्ह असेल तर तेही स्टेनलेस. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तापवून विझवलेले पोलाद शून्याखाली खूप थंड करून अधिक कडक करण्याची रीत काढली, तिचे हे नाव. यांपैकी काहीच नसेल तर वस्तरा साध्या पोलादाचा आहे असे धरून चालावे. 'स्टेनलेस' लिहायला विक्रेता विसरू शकतो. कारखानदार विसरत नाही.

इतर अक्षरे काळ सांगतात. मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१; 'डब्ल्यू' आणि 'आर' असतील तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७. नुसते गावाचे नाव असेल तर वस्तरा बहुधा जुना. देशाचे नावही असेल तर १८९०च्या आसपासचा किंवा नंतरचा. कारण ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरच्या खुणांविषयी कायदे झाले, आणि १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. 'पश्चिम जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० हा काळ. 'पाकिस्तान' असेल तर अर्थातच १९४७ नंतरचा. वझीराबाद, सियालकोटकडचे काही चांगले कारागीर वगळले तर या शेवटच्या प्रकारातले पुष्कळ चकचकीत वस्तरे शोभेचे असतात. त्यांवर 'स्टेनलेस' असते, आणि ते खरेही असते. फक्त ते पोलाद धार धरण्याइतके कडक नसते.

इथे लोहचुंबकाचा एक गैरसमज दूर करायला हवा. स्टीलच्या वाटीला चुंबक चिकटत नाही, म्हणून ज्याला चिकटत नाही तो वस्तरा स्टेनलेस, असे अनेक जण समजतात. वाटीचे पोलाद निकेलयुक्त असते. ते तापवून विझवले तरी कडक होत नाही, म्हणून त्याचा वस्तरा करता येत नाही. वस्तऱ्याचे स्टेनलेस पोलाद ब्रेअर्लीच्या कुळातले, क्रोमियमचे आणि पुरेशा कार्बनचे. त्याला चुंबक चिकटतो, साध्या पोलादालाही चिकटतो. तेव्हा चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही. चिकटला नाही तर तो वस्तरा घेऊ नये.

दुसरी फसगत मुलाम्याची. काही जुन्या वस्तऱ्यांच्या पात्याला निकेल किंवा क्रोमचा मुलामा असे. असे पाते पाठीकडे आरशासारखे चकाकते, पण धारेच्या उतारावर मुलामा दगडाने घासून गेलेला असतो आणि तिथे करडी रेघ किंवा गंज दिसतो. मुलामा पोपडे धरून उठतो; स्टेनलेसला पोपडे नसतात. तिसरी फसगत विक्रेत्याच्या चाकाची. यंत्रावर घासून लख्ख केलेल्या पात्यावर अक्षरांच्या कडा गुळगुळीत, बुजलेल्या दिसतात आणि बुडाचे कोपरे गोल झालेले असतात. अशा पात्यावर गंज नसतो, कारण तो कालच घासून काढलेला असतो. खोल खड्डे मात्र जात नाहीत. काळ्या टाचणीच्या टोकांसारखे ते उरतात. छायाचित्र मोठे करून धारेजवळ ते शोधावेत. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कुजल्या की त्यांतून निघणारी आम्ल वाफ पाते खाते, म्हणून मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागाचे छायाचित्र आवर्जून मागवावे. निळसर-करडी छटा दिसली तर घाबरू नये. ती साध्या पोलादाची वयाबरोबर येणारी साय आहे, आणि स्टेनलेसवर ती येत नाही.

एवढे सगळे फोनवर सांगून मी पेठला गेलो. नाशिकहून सावळघाट उतरत जाणारा हा रस्ता पुढे धरमपूरकडे गुजरातेत जातो. पेठ हे एके काळी छोटे संस्थान होते. १८७८ नंतर ते नाशिक जिल्ह्याचा तालुका म्हणून नांदू लागले. घाटमाथ्यालगतचा हा मुलूख म्हणजे पावसाचे घर. नाशिक शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट इथे पडतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी येते, दाराच्या कड्या-कोयंडे तांबूस होतात. माळ्यावर सापडलेले ते तीन वस्तरे मी याच हवेत हातात घेतले.

पहिल्यावर अक्षरे नव्हती. पाते जाड, पाठ सरळ, घणाच्या खुणा बुडाशी अजून दिसत होत्या. कुणा लोहाराच्या हातचा. दुसऱ्यावर मुकुट, 'व्ही', 'आर', शेफील्ड आणि 'कास्ट स्टील'. दोन्ही पाती झिजून जवळजवळ निम्म्या रुंदीची झाली होती, आणि या दोहोंवर गंज नव्हता. घरच्यांच्या परवानगीने मी दोन्हींच्या बुडाशी, मुठीत झाकल्या जाणाऱ्या जागी, लिंबाचा एकेक थेंब ठेवला. काही मिनिटांत दोन्ही ठिकाणी काळपट डाग उमटले. साधे पोलाद. तिसऱ्या पात्यावर बुडाच्या मागच्या बाजूला, तेलाच्या किटाखाली, 'झोलिंगेन' आणि 'रोस्टफ्राय' ही अक्षरे निघाली. त्याच्या मुठीला तडा गेलेला, पाते मळलेले, आणि म्हणून मुलाने त्यालाच सर्वांत हलके मानले होते. खरा स्टेनलेस तोच. लिंबाचा थेंब पुसल्यावर तिथे काहीही उरले नाही. आणि त्याचे पाते पूर्ण रुंदीचे होते. आजोबांनी तो फारसा वापरलाच नव्हता.

का वापरला नसेल? त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही, पण पोलादाचा स्वभाव थोडे सांगतो. क्रोमियममुळे पात्यावर डोळ्याला न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा बसतो आणि गंज रोखला जातो. पण तेच क्रोमियम कार्बनशी मिळून कठीण, जाडसर कण तयार करते. नैसर्गिक दगडावर असे पाते घासताना वेळ लागतो आणि धार मनासारखी बारीक करायला कष्ट पडतात. ज्याला दिवसात अनेक दाढ्या करायच्या आणि दोन दाढ्यांमध्ये दगड-चामड्यावर दोन हात मारून धार परत आणायची, त्याला साधे पोलाद सोयीचे. सुरुवातीच्या स्टेनलेस सुऱ्यांना तर शेफील्डमध्येच न कापणाऱ्या सुऱ्या म्हणून हिणवले जाई. न्हाव्याला गंजाची भीती नव्हती, कारण गंज आवरणे त्याच्या हातात होते. धार न लागणे त्याच्या हातात नव्हते.

गंज आवरणे म्हणजे काय, हे स्नेह्यांच्या आईंनी सांगितले. सासरे रोज संध्याकाळी प्रत्येक वस्तरा कोरडा पुसत, चुलीच्या उबेला धरत, बोटाने खोबरेल फिरवत आणि फडक्यात गुंडाळत. पावसाळ्यात हे दोनदा होई. आजारी असले तरी हे काम ते दुसऱ्याला सांगत नसत.

माझ्या लेखी या सगळ्या शोधाचे सार एवढेच आहे. जुन्या वस्तऱ्यावर गंज नसण्याची दोन कारणे असू शकतात: एक क्रोमियम, दुसरे माणूस. जाहिरातीतला 'स्टेनलेस' हा शब्द दुसऱ्या कारणाचे श्रेय पहिल्याला देऊन टाकतो. पेठच्या पावसात साध्या पोलादाची दोन पाती दोन-तीन पिढ्या स्वच्छ राहिली, ही एका कारागिराच्या हजारो संध्याकाळींची नोंद आहे. ती नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ज्यांचे दप्तर ठेवले गेले नाही त्यांचा इतिहास आपल्याला त्यांच्या हत्यारांवरूनच वाचायचा असतो, आणि तिथेही चिठ्ठी चुकली तर वाचायला काही उरत नाही.

न्हाव्याचा इतिहास आपण तसा मोजक्याच ठिकाणी वाचतो. संत सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायाचीच रूपके अभंगात घेतली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय तिथे झाला. सुधारकांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, याचे मोल निराळे आहे, कारण त्यात त्याची मिळकतही खाली ठेवलेली होती. त्या वर्षीचा प्रत्येक वस्तरा साध्या पोलादाचाच असणार, हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्या सभेतून घरी जाऊनही त्या माणसांनी आपली पाती पुसून, तेल लावूनच ठेवली असणार.

या हत्याराचा शेवटही स्टेनलेसनेच केला, पण वेगळ्या वाटेने. जिलेटच्या १९०४च्या पेटंटमुळे दाढी घरी आली, तरी त्याची पाती साध्या पोलादाचीच होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन कंपनीच्या स्टेनलेस पात्यांनी बाजार बदलला. आपल्याकडे १९९०च्या दशकात एड्सविषयी जागृती झाली आणि सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावायची पद्धत रुजली. ते योग्यच झाले. आज संकेतस्थळांवर 'स्टेनलेस वस्तरा' म्हणून दिसणारे बरेचसे नग म्हणजे ब्लेड अडकवायच्या या मुठीच असतात. त्यांना स्वतःची धार नसते. पात्याच्या टोकाशी ब्लेड सरकवायची खाच दिसली की ओळखावे.

स्नेह्यांच्या मुलाने अखेर तिसरा वस्तरा विकायला ठेवला. मजकूर त्याने स्वतःच लिहिला: झोलिंगेन, स्टेनलेस, १९२० नंतरचा, मुठीला तडा, फार कमी वापरलेला. बुडाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिली. आठवड्याभरात तो गेला. उरलेल्या दोघांविषयी मी विचारले नाही. पण परवा फोनवर बोलताना तो म्हणाला, "काका, लिंबाचे डाग काही जात नाहीत. आजी म्हणते, राहू देत. पावसाळा येतोय, तेल मात्र मीच लावतो."